मसाल्याची बरणी, लग्नपत्रिका आणि दुकानाची पाटी: हस्ताक्षरी फॉन्ट कुठे शोभतो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आईच्या घरगुती मसाल्यांसाठी लेबलं करायची आहेत, बहिणीची लग्नपत्रिका छापायची आहे आणि छोट्या दुकानासाठी पाटी हवी आहे. तिन्हीकडे अक्षर हाताने लिहिल्यासारखं दिसावं म्हणून तुम्ही 'कलम' हा फॉन्ट निवडलाय. तो तिन्ही ठिकाणी चालेल का, आणि चालत नसेल तर काय करावं?

माझं मत आधीच सांगतो. लेबलावर काही भागापुरता चालेल, पत्रिकेत एका ठराविक जागी फार छान दिसेल, पाटीवर लावू नका. माझी कसोटी एकच आहे: त्या जागी कुणीतरी माणूस स्वतः बोलतोय असं वाचणाऱ्याला वाटायला हवंय का? हवं असेल तरच हस्ताक्षरी फॉन्ट घ्यायचा. बाकी सगळीकडे साधा वळणदार छापील फॉन्ट जास्त चांगलं काम करतो. आता सविस्तर.

'कलम' हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 साली काढलेला फॉन्ट. त्यातली देवनागरी अक्षरं लिपी रावल या डिझायनरने केली आणि रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांनी. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीचे प्रकार, आहेत. परवाना खुला आहे, त्यामुळे लेबल, पत्रिका, पुस्तक, वेबसाइट कशासाठीही, अगदी धंद्यासाठीही तो फुकट वापरता येतो. फक्त फॉन्टची फाइल नुसती विकायला काढता येत नाही. त्याच्या अंगाकडे नीट बघा. अक्षरं उजवीकडे कललेली आहेत. रेघ बॉलपेनने किंवा स्केचपेनने ओढल्यासारखी आहे, तरी ती सगळीकडे एकसारखी जाड नाही. हात कुठे दाबला आणि कुठे सैल सोडला ते थोडंसं कळतं. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे गाठी. पुस्तकी फॉन्टमध्ये म, भ, न यांच्या डाव्या बाजूची गाठ बहुधा भरलेली, काळी असते. 'कलम'मध्ये ती उघडी आहे. आपण घाईत लिहिताना गाठ भरत बसत नाही, एक लहानसा फेर घेऊन पुढे जातो. तो फेर डिझायनरने जपलाय. ही निरीक्षणाची कमाई आहे आणि मला या फॉन्टमध्ये ती सर्वात जास्त आवडते.

म्हणजे हे रोजचं हस्ताक्षर आहे. वहीतलं, चिठ्ठीतलं, फ्रिजवर चिकटवलेल्या यादीतलं. हे सुलेखन नव्हे. दुकानदार आणि डीटीपीवाले दोन्हींना सरसकट 'कॅलिग्राफी फॉन्ट' म्हणतात आणि तिथेच निवड चुकते. हाताने लिहिल्यासारखे दिसणारे देवनागरी फॉन्ट मी हत्यारावरून वेगळे करतो. पेनाचं अक्षर एक. 'कलम' त्यातला, त्याच फाउंड्रीचा 'तिल्लाना'ही त्याच्या जवळचा. दुसरं बोरूचं अक्षर, जाड-बारीक रेघांचं. 'अमिता' त्या बाजूला झुकतो. तिसरं रंगाऱ्याच्या ब्रशचं अक्षर. कॅथरीन ली श्मिट यांनी केलेला 'यात्रा वन' मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. तिन्हींची बोलण्याची तऱ्हा वेगळी. पेनाचं अक्षर खाजगी बोलतं, बोरूचं समारंभात बोलतं, ब्रशचं रस्त्यावर लांबून हाक मारतं.

बोरूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी आला की तिची आठवण होते. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन कलमाच्या कापाच्या उलटा असतो. रोमन सुलेखनात वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी तिरकी रेघ जाड पडते. देवनागरीत वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी जाड पडते आणि दुसरी बारीक. म्हणून र-चा खाली उजवीकडे जाणारा पाय जुन्या वळणात नाजूक दिसतो. बोरूच्या वळणाच्या मराठी ओळीखाली एखादा तयार इंग्रजी स्क्रिप्ट फॉन्ट टाकला की दोन ओळी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्यासारख्या वाटतात, आणि का ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. 'यात्रा वन'मध्ये रोमन अक्षरंही देवनागरीच्या कापाने काढली आहेत, म्हणून तिथे दोन्ही लिप्या एका घरच्या दिसतात. 'कलम'मध्ये पेन असल्यामुळे हा पेच मुळातच सौम्य आहे. मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरासाठी तो सोयीचा पडतो त्याचं हे एक कारण.

बऱ्याच जणांना वाटतं की इंग्रजीत जसे एकमेकांना गुंफलेल्या अक्षरांचे फॉन्ट असतात तसे मराठीत का नाहीत. मॅथ्यू कार्टर यांचा 1965 चा 'स्नेल राउंडहँड' किंवा रोजे एक्सकॉफॉन यांचा 1953 चा 'मिस्त्राल' पाहिला की हेवा वाटतो हे खरं. पण त्या दोन्हींच्या मागे हात न उचलता लिहिण्याची शेकडो वर्षांची सवय आहे. आपल्याकडे ती सवय मोडीत होती. मोडी लिहिताना कागदावर आडवी रेघ आधीच मारून घेत आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरं सोडत जात. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी ही पेशवाईतली वळणं नावानिशी ओळखली जातात. पत्रं, हिशेब, दप्तर मोडीत, पोथ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली आणि लेखनाचा सगळा भार बाळबोधीवर आला, जी मुळात एकेक अक्षर सुटं, सावकाश लिहिण्याची लिपी होती. त्यामुळे देवनागरीतलं आपलं धावतं हस्ताक्षर तसं तरुण आहे. ते शिरोरेषा सोडतं, अर्धवट मारतं, गाठी उघडतं, पण रोमनसारखं गुंफत नाही. एखाद्या फॉन्टमध्ये क-ची शेपटी लांबवून ती पुढच्या अक्षरात अडकवलेली दिसली, तर ते वळण बहुधा मराठी हातातून आलेलं नसतं. मोडीला 2014 साली युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली आहे. चांगल्या डिझायनरने मोडीच्या दप्तरांत बसून खरंखुरं धावतं मराठी अक्षर शोधावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून सुलेखनात काय काय मिळवलं ते पाहिलं की तिथे किती माल पडलाय याची कल्पना येते.

आता फॉन्ट पारखायचा कसा. माझी पहिली नजर शिरोरेषेवर जाते. कागदावर आपण शब्द लिहून झाल्यावर वरून एक रेघ ओढतो, ती जराशी वर चढते, टोकाला वाकते, कधी शेवटच्या अक्षरापर्यंत पोचतच नाही. फॉन्टमध्ये असं होऊ शकत नाही. प्रत्येक अक्षराबरोबर त्याचा त्याचा रेघेचा तुकडा येतो आणि शेजारच्या तुकड्याला भिडतो. कुठलं अक्षर कुणाशेजारी येईल हे आधी माहीत नसतं, म्हणून दोन्ही टोकांची उंची आणि जाडी ठरलेली ठेवावी लागते. हाताचा चढउतार दाखवायचा तो मधल्या थोड्याशा जागेत. डिझायनरसमोर तीनच वाटा असतात: रेघ सलग ठेवायची आणि जिवंतपणा अक्षराच्या अंगात आणायचा, प्रत्येक अक्षराची रेघ सुटी ठेवून मध्ये फट सोडायची, किंवा रेघ काढूनच टाकायची. फट सोडलेले फॉन्ट मोठ्या आकारात खेळकर दिसतात, पण लहान आकारात शब्द कुठे संपला ते पटकन कळत नाही. रेघ नसलेले फॉन्ट चार शब्दांच्या शीर्षकाला ठीक. परिच्छेद लावलात तर भ आणि म, ध आणि घ यांच्यात डोळा अडखळायला लागतो. कारण या जोड्यांमध्ये वरची रेघ कुठे तुटते हाच तर फरक आहे.

दुसरी परीक्षा पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांची. फॉन्टमध्ये 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं!' ही ओळ लिहा आणि मोठी करून बघा. 'आमच्या' आणि 'मामाच्या' मिळून म तीनदा येतो, 'च्या' दोनदा. खऱ्या हातात तीन म कधीच सारखे नसतात. 'मामा'तला दुसरा म पहिल्यापेक्षा थोडा दबलेला असतो, कारण हात पुढच्या च्या-कडे निघालेला असतो. बहुतेक फॉन्टमध्ये तिन्ही म शिक्का मारल्यासारखे हुबेहूब निघतात, त्यांच्या गाठीचा फेरसुद्धा तोच. ज्या फॉन्टमध्ये डिझायनरने नेहमीच्या अक्षरांची दोन-दोन, तीन-तीन रूपं करून ती आपोआप आलटून पालटून यावीत अशी सोय केलेली असते, तो फॉन्ट हस्ताक्षर म्हणून पटतो. तशी सोय नसेल तर दोनच उपाय: मजकूर इतका लहान ठेवायचा की पुनरावृत्ती जाणवणार नाही, किंवा शीर्षकातलं दुसरं अक्षर रेघांमध्ये बदलून (आउटलाइन करून) किंचित हाताने सुधारायचं. नाव 'काका', 'बाबा', 'लीला' असं काही असेल तर ही सुधारणा कराच, कारण तिथे सारखेपणा लगेच उघडा पडतो.

तिसरी परीक्षा मराठीपणाची. देवनागरी चालते म्हणून मराठी चालेलच असं नाही. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या नोव्हेंबरात काढलेल्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी प्रमाण ठरवले. हिंदीकडे झुकलेल्या फॉन्टमध्ये दांड्याचा ल आणि गाठीचा श येतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'हिंदी'ऐवजी 'मराठी' निवडली की आपली रूपं आपोआप येतात. इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आणि वेबपानाच्या कोडमध्ये ही निवड करता येते, पण फार थोडे लोक करतात. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये तर हे जास्त महत्त्वाचं, कारण आईच्या हातचं म्हणून दाखवलेल्या अक्षरात आईने आयुष्यात कधी न काढलेला ल दिसला तर सगळं सोंग उतरतं. अंकांकडेही बघा, विशेषतः ५, ८ आणि ९. त्यानंतर मी ही ओळ टाइप करून बघतो: दुसऱ्या तऱ्हेचं ऱ्हस्व, ॲड., कॅलेंडर, बॉर्डर, राष्ट्रीय, उद्ध्वस्त, हृदय, शृंगार, ज्ञानेश्वर, किल्ली, नळ. 'दुसऱ्या'मधला कोयतीसारखा अर्धा र नीट येतो का, 'राष्ट्रीय'मध्ये ट-खालचा र ओळीखाली फार लोंबतो का, 'किल्ली'मधली पहिली वेलांटी क-ला पूर्ण कवेत घेते का, की दांड्याच्या अलीकडेच थकते. ही ओळ पार झाली की फॉन्ट कामाचा.

वेलांटीवरून आठवलं, म्हणून हेही सांगतो. लोक विचारतात, स्वतःच्या आईच्या हस्ताक्षराचा फॉन्ट करता येईल का? येईल, पण इंग्रजीसारखं एका पानावर सव्वीस मोठी आणि सव्वीस लहान अक्षरं लिहून भागत नाही. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वार एकत्र आल्यावरची जागा असं सगळं धरलं तर काही शेकडो आकार होतात. 'कलम'च्या एकेका वजनात ते हजाराच्या वर आहेत. घरगुती लेबलासाठी एवढा खटाटोप करू नका. आईला सांगा, चांगल्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने 'गोडा मसाला', 'मेतकूट', 'काळा मसाला', 'थालीपीठ भाजणी' असं पाच-सहा वेळा लिही. त्यातलं उत्तम निवडून स्कॅन करा. कुठल्याही फॉन्टपेक्षा ते सरस दिसेल, आणि ते खरं असेल.

तुमच्या लेबलाचं आता बोलू. बरणीवर तीन प्रकारचा मजकूर असतो. पदार्थाचं नाव, त्याखालची घरगुती ओळ, 'उन्हात वाळवून, घरीच भाजून' अशासारखी, आणि घटक, वजन, तारखा, परवाना क्रमांक, पत्ता हा कायद्याचा मजकूर. नाव आईच्या अक्षरात किंवा 'कलम' बोल्डमध्ये. घरगुती ओळ 'कलम' रेग्युलरमध्ये, कारण ती आईच बोलतेय. कायद्याचा मजकूर मात्र साध्या सरळ फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीच्या 'मुक्ता'मध्ये. घटकांची यादी कललेल्या, उघड्या गाठींच्या अक्षरात सहा-सात पॉइंटला छापली तर ती वाचली जात नाही, आणि ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ती यादी वाचता येणं महत्त्वाचं आहे. इथे सुंदर दिसण्याचा मोह मी कधीच मानत नाही. लाइट वजन लेबलावर टाळा. क्राफ्ट कागदावर किंवा रंगीत स्टिकरवर शाई जरा पसरते किंवा बसत नाही आणि बारीक रेघ तुटते. गडद तपकिरी पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर हवं असेल तर बोल्डखाली जाऊ नका.

पत्रिकेत वेगळाच हिशेब आहे. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' या सुरुवातीपासून मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची नावं हा सगळा घराण्याचा आवाज आहे. तिथे वडीलधारे बोलतात. तो मजकूर पेनाच्या अक्षरात टाकला की पत्रिका घाईत खरडल्यासारखी दिसते. वधूवरांची नावं बोरूच्या वळणात, जमलं तर सुलेखनकाराकडून लिहून घेतलेली, आणि बाकी मजकूर चांगल्या पुस्तकी फॉन्टमध्ये, असं मी सुचवेन. 'कलम' कुठे? तर सगळ्यात खाली, जिथे घरातली लहान मुलं 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हणतात आणि पुढे त्यांची नावं येतात. ती एकच ओळ पेनाच्या, कललेल्या, थोड्या बेशिस्त अक्षरात आली की वाचणारा हसतो. किती पत्रिकांमध्ये नेमकी हीच ओळ सोनेरी, लफ्फेदार सुलेखनात छापलेली असते! पाच वर्षांचं पोर तसं बोलत नाही. सोनेरी फॉइल लावणार असाल तर एवढं पाहा की फॉइलमध्ये बारीक फटी भरून जातात. उघड्या गाठी, अनुस्वार, 'चि. सौ. कां.' मधले ठिपके यांची आधी खऱ्या आकारात एक प्रत काढून घ्या.

पाटीला मी नाही का म्हटलं? पाटी चालत्या गाडीतून, समोरच्या फुटपाथवरून, वरच्या झाडाच्या फांदीआडून वाचली जाते. तिथे कललेलं, सैल अक्षर लांबून धूसर होतं. आणि 'कलम' तीन वजनांत मिळतो तरी त्याचं बोल्डसुद्धा पाटीच्या मानाने किरकोळ अंगाचं आहे. महाराष्ट्रात दुकानाचं नाव मराठीत ठळक लावायचं ही कायद्याची अपेक्षा आहेच; ते नुसतं मोठं असून उपयोग नाही, वाचताही यायला हवं. 'यात्रा वन', 'एक टाइप'चा 'बलू' यांच्यासारखे भरीव अंगाचे फॉन्ट पाटीला चालतात. पण तुम्ही मला विचारताय म्हणून मनातलं सांगतो: पाटी रंगाऱ्याकडून किंवा अक्षरकाराकडून करून घ्या. दुकानाचं नाव चार-पाच अक्षरांचं असतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहणार असतं. अशा ठिकाणी त्या नेमक्या अक्षरांचा संसार कसा जमवायचा हे माणूसच ठरवू शकतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं कशी केली ते आठवा. एका नाटकाच्या नावातला र दुसऱ्या नाटकाच्या नावातल्या र-सारखा नसे. त्या शब्दाचा स्वभाव बघून तो घडे. फॉन्टला शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षा करू नये. फॉन्ट हवा तो रोज बदलणाऱ्या मजकुरासाठी: दरफलक, आजचा पदार्थ, सणाची सूचना, सोशल मीडियावरची पोस्ट. दुकानातल्या 'आज ताजी पुरणपोळी' या छोट्या पाटीला 'कलम' लावा, तिथे तो शंभर टक्के शोभेल.

याच कसोटीवर आणखी दोन ठिकाणं सांगतो, कारण तुम्हाला पुढेमागे लागतील. लहान मुलांच्या गिरवण्याच्या पुस्तकात हस्ताक्षरी फॉन्ट नको. तिथे अक्षराची रचना पूर्ण, उभी, बंद गाठींची आणि शाळेतल्या वळणाची हवी; कललेलं धावतं अक्षर हे शिकून झाल्यावरचं आहे. आणि जुनी पत्रं, दप्तरातले कागद, कुणा दिवंगत माणसाचे शब्द छापताना हस्ताक्षरी फॉन्ट वापरून ते मूळ हस्ताक्षर असल्याचा भास करू नका. प्रदर्शनांच्या फलकांवर हे सर्रास होतं आणि मला ते मनापासून खटकतं. ऐतिहासिक पत्राचा मजकूर साध्या अक्षरात द्यावा आणि शेजारी मूळ कागदाचं छायाचित्र लावावं. ज्याने ते लिहिलं त्याचा हात तोच आहे, त्याच्या जागी दुसऱ्याचा हात ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. शोकसंदेश, औषधाच्या सूचना, करार, शाळेच्या नोटिसा यांबद्दल वेगळं सांगायला नकोच.

राहिलं छपाईचं. हस्ताक्षरी देवनागरीत या चार-दोन गोष्टींवर काम बिघडतं, म्हणून लक्ष द्या.

अक्षरांमधलं अंतर, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, वाढवू नका. इंग्रजी शीर्षकात ते छान दिसतं. मराठीत अंतर वाढलं की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत फुटते. शब्द मोकळे हवे असतील तर आकार वाढवा किंवा शब्दांमधली जागा वाढवा. ओळींमधलं अंतर मात्र भरपूर द्या. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी दुहेरी गर्दी असते, शिवाय हस्ताक्षरात ते जरा लांब झुकतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरू करा, आणि वरच्या ओळीतला 'ष्ट्र' खालच्या ओळीतल्या 'र्की'ला भिडत नाही ना ते डोळ्याने बघा.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडलेला आहे याची खात्री करा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी पडतात. ज्या डीटीपी केंद्रात अजून श्रीलिपीच्या किंवा आकृतीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालतं, तिथे 'कलम'चा मजकूर थेट चिकटवला की चित्रविचित्र चिन्हं येतात. त्यांना मजकूर पाठवण्याऐवजी अक्षरांच्या रेघांत रूपांतर केलेली पीडीएफ द्या. रूपांतर करण्याआधी शुद्धलेखन एकदा कुणा तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, कारण रेघा झाल्यावर चुकीची वेलांटी दुरुस्त करणं म्हणजे नवं काम.

आणि ही शेवटची गोष्ट खास कापून लावायच्या अक्षरांसाठी: दुकानाच्या काचेवर रेडियम लावणार असाल किंवा ॲक्रिलिक कापणार असाल तर. शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात म्हणूनच छापताना ती सलग दिसते. कापणाऱ्या यंत्राला मात्र तो चढाव दिसतो आणि ते प्रत्येक अक्षराच्या कडेने वेगळी रेघ कापतं. मग 'मसाले' हा एक शब्द न निघता म, सा, ले असे सुटे तुकडे हातात येतात, त्यांच्या कडाही एकमेकींवर चढलेल्या. कोरलमध्ये सगळी अक्षरं निवडून 'वेल्ड' करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं 'युनाइट'. त्यानंतर शब्द बाहेरच्या एकाच रेघेने बांधला गेलाय का ते आउटलाइन दृश्यात तपासा. अनुस्वार आणि खालचे नुक्ते सुटेच राहतील. ते ॲक्रिलिकमध्ये वेगळे चिकटवावे लागतात, म्हणून कारागिराला त्यांच्या जागेचा कागदी साचा सोबत द्या. अर्धपारदर्शक छटा देऊन अक्षर छापायचं असेल तरीही हेच करा, नाहीतर प्रत्येक जोडावर गडद डाग दिसतो.

आईने लिहिलेले नमुने स्कॅन कराल तेव्हा 600 डीपीआयवर करा आणि मग रेघांत बदला. त्यातला एखादा म गिचमिड आला असेल तर तो तसाच राहू द्या, फक्त बरणीवरच्या आकारात तो वाचता येतो एवढं पाहा.